सोलापुरात लेथवर (लाकूड गरगर फिरवून कोरायच्या यंत्रावर) वाट्या करायला फुकट लाकूड कुठून मिळेल?
वखारीत पैसे घालू नका, ओळखीतनं मागा. चर्चला जात असाल तर रविवारी प्रार्थना झाल्यावर सरळ सांगून टाका की मी लेथवर वाट्या करतो, कुणाच्या अंगणातलं झाड पडलं, फांद्या छाटल्या तर फोन करा. मंदिराच्या ट्रस्टला, सोसायटीच्या वॉचमनला पण सांगून ठेवा. वळवाच्या वाऱ्यात कडुनिंब, बाभळी पडतातच आणि लोकांना ते उचलणारा माणूस पाहिजेच असतो. लाकूड देणाऱ्याला त्यातलीच एक वाटी नक्की द्या. चिंच मिळाली तर सोडूच नका, आतला काळपट गाभा पॉलिशनंतर फार सुंदर दिसतो! ओंडका आणला की त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण नाहीतर उरलेला ऑइल पेंट फासा, टोकातनंच पाणी पटकन उडतं आणि तिथनंच चिरा जातात. उभं झाड मात्र महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडायचं नाही, १९७५ चा कायदा आहे.