रामकुंडात अस्थी खरंच विरघळतात का? हाड पाण्यात विरघळतं तरी कसं?

मी नाशिकचाच, अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. आजोबांच्या अस्थी घेऊन मीही रामकुंडावर गेलो होतो. 'हे अस्थिविलय तीर्थ, काही तासांत विरघळतात,' असं गुरुजी म्हणाले आणि मी गप्प बसलो. ती बोलायची वेळ नव्हती. आता तुम्ही विचारताय, तर श्रद्धा बाजूला ठेवून फक्त रसायनाचं सांगतो.

हाडातलं खनिज म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट या कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाच्या जातीचे, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचे स्फटिक. पुस्तकातल्या चित्रासारखे नीटस मात्र नाहीत. फॉस्फेटच्या काही जागा कार्बोनेटने बळकावलेल्या असतात. वजनाच्या साधारण ५ ते ८ टक्के कार्बोनेटच. ते तिथे नीट बसत नाही, म्हणून आसपासची बांधणी ताणलेली राहते.

आता गोदाघाटाच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. मधला दगड चारी बाजूंनी आवळलेला, तो हलत नाही. कडेचा लवकर निखळतो, आणि ज्याचा शेजारी आधीच गेलाय तो कोपऱ्यावरचा सगळ्यांत आधी. स्फटिकावरही अशाच पायऱ्या आणि खाचा असतात, तिथले आयन आधी सुटतात. रचनेत चूक असेल तिथे बारीक खड्डा पडतो, त्याच्या कडा बाहेर सरकतात आणि थर उतरत जातात. गंमत अशी, की ठरावीक मापाच्या वर गेलेला खड्डाच पसरतो. रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज नॅनकोलास आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की स्फटिक झिजून नॅनोमीटरच्या मापाला आला की खड्ड्याला जागाच उरत नाही आणि पाणी संपृक्त नसतानाही विरघळणं जवळजवळ थांबतं.

पण दोष कितीही असोत, वेग यायला आम्ल लागतं. शरीरात हाड कोरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.५च्या आसपास उतरवतात. नदीचं पाणी ७च्या आगेमागे, त्यात हाड काही तासांत विरघळत नाही.

आणि चितेतून आलेलं हाड तर आणखी चिवट! ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की कार्बोनेट उडून जातं, स्फटिक मोठे आणि सुबक होतात, दोष घटतात. हाड ठिसूळ मात्र होतं. त्याचा भुगा प्रवाहात पसरतो आणि दिसेनासा होतो, एवढंच.

घरी बघायचं असेल तर कोंबडीची दोन हाडं घ्या, एक व्हिनेगरमध्ये, एक नळाच्या पाण्यात. आठवड्याभरात पहिलं रबरासारखं वाकतं. दुसरं कडकच राहतं, फक्त वास सुटतो. झाकण लावून ठेवा.