फ्रिक्वेन्सी वेगळी, मग कोहेरन्सला काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की दोन सिग्नलची फ्रिक्वेन्सी वेगवेगळी असताना त्यांच्यातला कोहेरन्स, म्हणजे त्यांच्या लाटांचं एकमेकींशी टिकून राहणारं नातं, मोजतात, त्याला मराठीत 'सुसूत्रता' म्हटलं तर चालेल का. नाही चालणार, सुसूत्रता परिपत्रकात शोभते. आणि आधी ते 'आमची फ्रिक्वेन्सी जुळते' बंद करा, कान किटले ऐकून. सोडियमच्या दोन दिव्यांचा पिवळा रंग अगदी सारखा असतो, तरी त्यांच्या लाटांचं एकमेकींशी काही देणंघेणं नसतं. जुळावी लागते ती कला, म्हणजे फेज, लाट तिच्या फेरीत या क्षणी कुठवर आलीय ते.

संस्कृतवाले लगेच 'संसक्ती' काढतात. कारण काय तर लॅटिन 'हेरेरे' म्हणजे चिकटणं आणि आपला 'सञ्ज्' धातूही चिकटण्याचाच. व्युत्पत्ती बरोबर, शब्द चूक! सिग्नल काय डिंक लावून बसलेत? आता गंमत बघा, संग, प्रसंग, आसक्त हे सगळे त्या चिकट 'सञ्ज्'चे, पण 'संगत' दिसायला 'संग'ची सख्खी बहीण असली तरी ती आली 'सम् + गम्'वरून, म्हणजे बरोबर चालणं. म्हणून माझा शब्द 'संगत', तबल्याची संगत! गवई दीडपटीत गेला, तबलजीच्या दोन मात्रांत त्याच्या तीन पडतायत, तरी दोघं समेवर भेटतात. एकदा भेटले तर योगायोग, दर आवर्तनाला भेटले तर संगत. गणितातही तेच आहे, साधा कोहेरन्स सिग्नलचा एकच तुकडा घेऊन काढला तर उत्तर नेहमी १, म्हणजे पूर्ण संबंध, येतं, कशाचाही कशाशी संबंध लागतो! म्हणून बरेच तुकडे घेऊन सरासरी काढायची.

आपल्याकडे म्हणच आहे ना, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे फ्रिक्वेन्सी ज्याची त्याची, गुण लागला तो कलेत. कोणाला ओढूनताणून वाटेल, वाटू दे.

हां, मोजायचं राहिलं. साधा कोहेरन्स एकाच फ्रिक्वेन्सीवर बघतो, त्यामुळे १० आणि २० हर्ट्झला तो उपयोगाचा नाही. तिथे १० वाल्याची कला दुप्पट करायची, त्यातून २० वाल्याची वजा करायची आणि तो फरक टिकतो का बघायचं, पूर्ण टिकला तर १, विखुरला तर शून्याकडे. हृदयाचे ठोके मिनिटाला ७२ आणि श्वास १८ असले तर हेच चारास एक या प्रमाणात, श्वासाची कला चौपट करून. फक्त त्याला 'संगती-मापनांक' वगैरे करू नका, 'संगत मोजली' म्हणा.