रेडिओ कंट्रोलवर चालणारं चिलखती इंजिनिअर वाहनाचं (लष्करासाठी माती हटवणाऱ्या, खोदणाऱ्या रणगाड्यासारख्या गाडीचं) मॉडेल शून्यापासून बनवायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

चाकं आणि ट्रॅकपासून. तेवढा भाग मात्र तयार घ्या, असं माझं मत. लेपर्ड 2 रणगाड्याच्या सांगाड्यावरच कोडियाक हे इंजिनिअर वाहन बेतलेलं आहे आणि 1:16 मापात लेपर्ड 2 ची मॉडेल्स सहज मिळतात. मूळ हल (रणगाड्याचा खालचा मुख्य सांगाडा) साधारण 7.7 मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये सुमारे 48 सेंमी. वरची बॉडी दीड-दोन मिमी स्टायरीन (प्लास्टिक) शीटमधून कापा; आधी पुठ्ठ्यावर साचा करून बघा.

खरी डोकेदुखी पुढचं पातं आणि खोदकामाचा हात. साध्या सर्वोवर (ठरावीक कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटरवर) हात उचलून धरला की सर्वो सतत गुणगुणतो, करंट खातो आणि तापतो. त्याऐवजी छोटी गिअर मोटर आणि आट्यांचा स्क्रू वापरा. मोटर बंद केली तरी हात जागच्या जागी राहतो, शिवाय लांबून तो हायड्रॉलिक सिलिंडरच वाटतो! पात्यालाही हेच.

हात हलकाच ठेवा, बॅटरी मागे सरकवा. नाहीतर गाडी नाकावर येते. चॅनेल (एकेका हालचालीसाठी वेगळा सिग्नल) मोजूनच रिमोट घ्या: चालवायला दोन, पात्याला एक, हाताला चार. विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) हवी असेल तर आठवा. रंगकाम सगळ्यात शेवटी.