निवृत्त झालेल्या हर्लिंगपटूचा आम्ही मराठी कुटुंबांनी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा का?

तुम्ही विचारले आहे की, तुम्ही राहता त्या आयर्लंडमधल्या काउंटीचा, म्हणजे येथल्या जिल्ह्याचा, एक हर्लिंगपटू (हर्लिंग म्हणजे लाकडी काठी आणि लहान चेंडू घेऊन खेळायचा येथील मैदानी खेळ) चौदा वर्षे खेळून नुकताच निवृत्त झाला आहे, तुमच्या ओळखीची सात-आठ मराठी कुटुंबे त्याची चाहती आहेत, आणि त्याला एखाद्या सभागृहात बोलावून शाल, श्रीफळ व मानपत्र द्यावे का, आणि द्यायचे ठरले तर कोणाशी बोलावे. माझे उत्तर असे आहे की सभागृह घेऊ नका. मी हे एवढ्या ठामपणे का म्हणतो ते सांगताना उत्तर लांबणार आहे, कारण नेमक्या याच विषयावर माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा 2015 सालापासून वाद चालू आहे.

पहिली गोष्ट, तुमचा खेळाडू काउंटीच्या संघातून निवृत्त झाला आहे, खेळातून नव्हे. येथे बहुतेक खेळाडू काउंटीची जर्सी उतरवल्यानंतरही आपल्या गावाच्या क्लबसाठी आणखी काही वर्षे खेळतात. त्यामुळे त्याला निरोप देण्याची घाई करण्यापूर्वी तो येत्या रविवारी कोणत्या मैदानावर उतरणार आहे, याची चौकशी करावी.

मी 2007 पासून किलकेनीत राहतो. ऑगस्ट 2010 मध्ये कॉर्कविरुद्धच्या उपांत्य सामन्यात किलकेनीचा नामवंत खेळाडू हेन्री शेफलिन याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले, तेव्हा अंतिम सामन्याला एक महिनाही उरलेला नव्हता. किलकेनीने त्याआधी लागोपाठ चार वेळा ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंटी संघांचे देशाचे अजिंक्यपद, जिंकले होते आणि पाचव्यांदा जिंकण्याची आशा सगळ्या काउंटीला होती. शेफलिन खेळू शकेल की नाही, याखेरीज त्या दिवसांत कोणी दुसरे बोलत नव्हते. एका संध्याकाळी नोलन पार्क या किलकेनीच्या मैदानावर संघाचा सराव लोकांसाठी खुला ठेवला होता. आमच्या शेजारी राहणारे एक वृद्ध शेतकरी, ज्यांनी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला ॲशच्या लाकडाची आखूड करून घेतलेली हर्ली, म्हणजे खेळायची काठी, दिली होती, ते आम्हा दोघांना तेथे घेऊन गेले. सामना नव्हता, फक्त सराव होता, आणि तरीही हजारो माणसे आली होती. शेफलिनने स्लिटर, म्हणजे चेंडू, उचलून पहिला फटका मारला तेव्हा स्टँडमधून जो आवाज उठला, तो मी त्यानंतर डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजारांच्या गर्दीतही तसा ऐकलेला नाही. शेजारचे आजोबा टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती आणि सराव संपेपर्यंत ती परत डोक्यावर ठेवली नाही.

5 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात शेफलिन जेमतेम तेरा मिनिटे टिकला आणि लंगडत बाहेर गेला. टिपरेरीने तो सामना 4-17 विरुद्ध 1-18 असा जिंकला (पहिला आकडा गोलांचा, दुसरा गुणांचा, आणि एक गोल तीन गुणांचा). परंतु माझ्या दृष्टीने चाहत्यांनी शेफलिनला दिलेली सर्वांत मोठी मानवंदना म्हणजे नोलन पार्कवरची ती संध्याकाळ होय. ती तो खेळत असताना दिली गेली, कोणीही भाषण केले नाही, आणि ती घेऊन तो परत कामाला लागला. 2011, 2012 आणि 2014 मध्ये तो पुन्हा विजेता ठरला, आणि अंतिम सामन्यात प्रत्यक्ष मैदानावर उतरून दहा ऑल-आयर्लंड पदके मिळवणारा तो पहिला खेळाडू झाला.

दादा मार्च 2015 मध्ये आमच्याकडे आला होता. सेंट पॅट्रिक दिनी, 17 मार्चला, मी त्याला क्लब स्पर्धेचा अंतिम सामना पाहायला क्रोक पार्कवर नेले. एका बाजूला शेफलिनचे बॅलीहेल शॅमरॉक्स आणि दुसऱ्या बाजूला लिमरिकचे किलमॅलॉक. बॅलीहेल हे काही शेकडा वस्तीचे गाव आहे, म्हणजे आपल्याकडची एखादी मोठी वाडी. त्या गावाच्या संघाने 1-18 विरुद्ध 1-6 असा विजय मिळवून सहाव्यांदा देशाचे क्लब अजिंक्यपद जिंकले, आणि छत्तीस वर्षांचा शेफलिन, ज्याच्याकडे मिळवण्यासारखे काहीही उरले नव्हते, तो आपल्या गल्लीतल्या मुलांच्या बरोबरीने धावत होता. याचे त्याला किती पैसे मिळतात, असे दादाने विचारले. काहीच नाही, असे मी सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला.

आठ दिवसांनी, 25 मार्चला, शेफलिनने किलकेनीतल्या लँग्टन्स हॉटेलात पत्रकारांना बोलावून काउंटीच्या संघातून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. त्या रात्री जेवताना दादा म्हणाला, ‘‘एवढा मोठा माणूस, आणि हॉटेलच्या खोलीत निवृत्ती सांगतो? सचिनला वानखेडेवर निरोप दिला, सारे मैदान रडत होते. तुमच्या या लोकांना माया नाही.’’ आणि त्याने बॅगेतून एक कोरी शाल काढली. ती त्याने गावाहून कोणाला तरी भेट द्यावी लागेल म्हणून आणलेली होती. ‘‘नारळ डब्लिनला मिळेल. उद्या आपण दोघे जाऊ आणि त्याच्या घरी देऊन येऊ.’’

मी नकार दिला. माझा नकार दादाला आजही लागलेला आहे, म्हणून त्याचे कारण सविस्तर लिहितो.

आमचे गाव वाळवा तालुक्यातले. तेथे कबड्डी काय आहे, हे सांगली जिल्ह्यातल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आमच्या गल्लीत एक चढाईपटू होते. मॅट येण्यापूर्वीच्या मातीतल्या कबड्डीचा तो काळ होता. पकडीत चार गडी अंगावर असताना हात लांब करून मध्यरेषा गाठण्याची त्यांची रीत पाहायला शेजारच्या गावांतून सायकलींवरून माणसे येत. त्यांनी वीस वर्षे गावाचे नाव राखले आणि 1998 साली गुडघा पूर्ण गेल्यावर खेळणे थांबवले. गावाने त्यांचा जाहीर सत्कार केला, आणि त्या सत्कार समितीत दादा पुढे होता. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि खुर्च्या मांडण्याचे काम माझ्याकडे होते. व्यासपीठावर अकरा माणसे बसली होती. त्यांची भाषणे अडीच तास चालली. त्या भाषणांत रस्ता होता, सोसायटीची निवडणूक होती, पाण्याची पाळी होती. सत्कारमूर्तींना बोलायला सांगितले तेव्हा अर्धे मैदान रिकामे झाले होते आणि ध्वनिक्षेपकवाला वायरी गुंडाळत होता. ते दोन वाक्ये बोलले, नारळ छातीशी धरून अंधारातून चालत घरी गेले, आणि मी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेलो. त्यानंतर त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्गणी काढण्याची वेळ आली तेव्हा समिती भरली नाही. ज्या मैदानावर ते खेळले, तेथे आता ट्रॅक्टर उभे राहतात. नव्या मुलांना शिकवण्याची त्यांची फार इच्छा होती, पण सत्कार झालेल्या माणसाचे काम संपले, असे गावाने गृहीत धरले होते.

दादाचे म्हणणे असे की तो सत्कार झाला नसता तर त्या माणसाच्या घरात भिंतीवर लावायला एक छायाचित्रही राहिले नसते. माझे म्हणणे असे की व्यासपीठावरचा सत्कार हा बहुधा व्यासपीठावर बसणाऱ्यांचा असतो, आणि त्याने लोकांना एक समाधान मिळते की आपले देणे फिटले. शाल अंगावर पडली की हिशेब मिटला, असे आपण समजतो. मला शेफलिनच्या बाबतीत तसे करायचे नव्हते, आणि विशेषतः आपण परदेशातून आलेली माणसे असताना, ज्याच्याशी आपली ओळख नाही त्याच्या दारात छायाचित्र काढण्यासाठी उभे राहायचे नव्हते.

वानखेडेची तुलना तर मुळातच लागू पडत नाही. 16 नोव्हेंबर 2013 ला सचिन तेंडुलकर शेवटचा खेळत आहे, हे सगळ्या देशाला आधीपासून ठाऊक होते. हर्लिंगमध्ये अशी शेवटची तारीख नसते. स्पर्धा बाद फेरीवर येते, एक संघ सोडून सगळ्यांचा हंगाम पराभवाने संपतो, आणि निवृत्तीचा निर्णय खेळाडू बहुधा हिवाळ्यात, काम आणि घर आणि गुडघे यांचा विचार करून घेतो. 27 सप्टेंबर 2014 ला, टिपरेरीविरुद्ध बरोबरीत सुटलेल्या अंतिम सामन्याच्या पुनर्सामन्यात, शेफलिन राखीव खेळाडू म्हणून अखेरीस मैदानात आला, तोच त्याचा किलकेनीकडून शेवटचा सामना ठरला, पण त्या दिवशी तसे कोणीही जाहीर केलेले नव्हते. गॉलवेच्या जो कॅनिंगने जुलै 2021 मध्ये वॉटरफर्डविरुद्ध शेफलिनचा अजिंक्यपदाच्या सामन्यांतला एकूण 27 गोल आणि 484 गुणांचा विक्रम मागे टाकला, संघ तो सामना हरला, आणि काही दिवसांतच वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याने काउंटीचा निरोप घेतला. करोनाच्या निर्बंधांमुळे त्या काळात मैदानावर गर्दीही मोजकीच होती. अशा खेळात निरोपाचा दिवस चाहत्यांच्या हातात नसतो. म्हणून जी मानवंदना द्यायची ती खेळाडू मैदानावर असतानाच देऊन ठेवावी लागते, आणि काउंटी सुटल्यावर ते मैदान म्हणजे त्याच्या गावाचा क्लब.

पैशाचा किंवा भपक्याचा वास आला की येथील लोक अस्वस्थ होतात, हेही लक्षात ठेवा. केरीच्या कोल्म कूपरसाठी, तो गेलिक फुटबॉलचा खेळाडू, 2017 मध्ये डब्लिनमध्ये सन्मानार्थ भोजन ठेवले होते आणि दहा जणांच्या एका टेबलाचे 5,000 युरो होते. खेळाडूच्या थोरवीबद्दल कोणाचे दुमत नव्हते, तरीही हौशी खेळाडूच्या नावाने असे करावे का, यावर सगळ्या देशात वाद झाला. 1884 साली थर्ल्समधल्या हेजेस हॉटेलात स्थापन झालेली, हे दोन्ही खेळ चालवणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संघटना आजही खेळाडूंना वेतन देत नाही, आणि सोमवारी सकाळी तुमचा नायक बँकेत, शाळेत किंवा गोठ्यात कामाला जातो. माझ्या मते या खेळाची सगळी अब्रू यातच आहे.

म्हणून माझा सल्ला असा की सात-आठ कुटुंबांनी मिळून त्याच्या क्लबचा सामना पाहायला जावे, तिकीट काढून, मुलांना घेऊन, पावसात. मुलांची नावे त्या क्लबच्या बालगटात घालावीत. सामना संपल्यावर तो फाटकाजवळ उभा असेल, तेव्हा हात मिळवून दोन वाक्ये बोलावीत, आणि त्यातले एक त्याच्या एखाद्या विशिष्ट फटक्याविषयी असावे, म्हणजे तुम्ही खरोखर पाहिले आहे हे त्याला कळेल. घरी आल्यावर हाताने पत्र लिहावे. माझ्या मुलाने बारा वर्षांचा असताना किलकेनीचा बचावपटू जे. जे. डिलेनी याला पत्र लिहिले होते. 2014 च्या पुनर्सामन्यात टिपरेरीचा शेमस कॅलनन गोल मारणार, एवढ्यात डिलेनीने मागून येऊन त्याची हर्ली अडवली, आणि ते पाहून माझ्या मुलाने बचावपटू व्हायचे ठरवले, एवढेच त्या पत्रात होते. तो आजही बचावात खेळतो.

दादाच्या बाजूने दोन गोष्टी मला मान्य केल्या पाहिजेत. मी किलकेनीत राहतो, जेथे पदकांचा दुष्काळ नाही आणि शेफलिनसारख्याचे नाव कोणी विसरणार नाही. ज्या काउंटीने ऑल-आयर्लंड कधी पाहिलेले नाही, तेथे चौदा वर्षे हरत राहून खेळलेल्या माणसाला वर्तमानपत्रात चार ओळीही मिळत नाहीत, आणि अशा माणसाला कोणी परक्या मुलखातून आलेल्यांनी आदराने शाल दिली तर त्याच्या आईला ती आयुष्यभर जपावीशी वाटेल. तुमचा खेळाडू तशा काउंटीचा असेल तर माझा नकार तितका कडक नाही. दुसरे असे की, 2015 मध्ये मी दादाला थांबवले ते पूर्णपणे तत्त्वासाठी नव्हते. लोक काय म्हणतील याचा संकोचही त्यात होता, आणि त्याच्या मनातला आदर खरा होता, हे मला त्या रात्रीही दिसत होते.

तेव्हा शाल द्यायचीच असेल तर ती क्लबच्या घरात, सामन्यानंतरच्या चहाच्या वेळी, त्याच्या सोबत्यांसमोर द्या. त्याच्या आईवडिलांना आधी बसायला जागा द्या, भाषण एकानेच करावे आणि ते पाच मिनिटांत संपवावे, आणि श्रीफळ म्हणजे काय ते एका वाक्यात सांगा, कारण त्यांना ते ठाऊक नसते. यासाठी काउंटी मंडळाकडे जाऊ नका. क्लबच्या सचिवांना फोन करा, आणि फोन करण्यापूर्वी निदान दोन कुटुंबांनी क्लबचे सभासदत्व घेतलेले असावे.