व्हाउचर कुठे आहे?

हेरकथा आणि राजकीय कारस्थानांच्या कादंबऱ्यांवर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली, त्यातली काही इथे घेतली आहेत. ‘सगळी नोकरी सरकारी ऑडिटमध्ये काढलेल्या बाईंना हेरांमधलं काय कळतं?’ असंही एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांना वेगळं उत्तर देत नाही, खालची उत्तरं वाचून त्यांनीच ठरवावं.

प्रश्न : जॉन ल कारे यांची ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ मी पुन्हा पुन्हा हातात घेतो आणि पन्नास-साठ पानांत खाली ठेवतो. गोळीबार नाही, पाठलाग नाही. जुन्या फायली आणि नावंच नावं. तरी जाणकार हिला हेरकथांचा कळस म्हणतात. माझं काय चुकतंय? (निवृत्त शिक्षक, चिपळूण)

गुरुजी, तुम्ही मारामारीच्या अपेक्षेने वाचताय आणि पुस्तक आहे कचेरीचं. एकदा कचेरीची कादंबरी म्हणून वाचून बघा. आवक-जावक रजिस्टर, कोणाच्या टेबलावरून कोणाच्या टेबलावर गेलेली फाइल, साहेब बदलल्यावर कोणाची खुर्ची वर सरकली आणि कोणाची बाहेर गेली, हे ज्याने आयुष्यभर पाहिलं त्याला ही कादंबरी उगाच कठीण वाटते. खरं तर ती आपल्याच लोकांसाठी लिहिल्यासारखी आहे.

गोष्ट इतकीच. लंडनच्या गुप्तहेर खात्यात वरच्या चार-पाच माणसांपैकी एक जण रशियाला फितूर आहे. तो शोधायचं काम जॉर्ज स्मायलीकडे येतं. स्मायलीला खात्याने आधीच घरी बसवलेलं आहे. शोध घ्यायचा, पण खात्यात कोणाला सुगावा लागता कामा नये. म्हणून हा जाडा, चष्मेवाला माणूस पॅडिंग्टनजवळच्या एका साध्या हॉटेलात खोली घेतो आणि खात्यातला विश्वासू पीटर गिलम चोरून आणून देईल त्या फायली रात्र रात्र वाचत बसतो. हाँगकाँगहून आलेल्या एका तारेची नोंद दप्तरात असायला हवी, ती नाही. बस, एवढीच ठिणगी! तुम्ही म्हणाल, यात काय थरार? अहो, जिथे नोंद असायलाच हवी तिथे ती नसली की ऑडिटवाल्याचे कान उभे राहतात. खोटी नोंद पचवता येते, गायब झालेली नोंद पचत नाही.

आता वाचायची रीत सांगते. एक कोरा कागद जवळ ठेवा. माणसांची नावं पाठ करू नका, खुर्च्या लिहा. जुना प्रमुख (पुस्तकात त्याला ‘कंट्रोल’ म्हणतात) असताना कोण कुठे होतं आणि तो गेल्यावर कोण कुठे बसलं. मग ‘मर्लिन’ नावाच्या गुप्त स्रोताकडून येणाऱ्या सोन्यासारख्या माहितीमुळे बढती कोणाकोणाला मिळाली, तेवढं बघा. बढतीचा तक्ता झाला की अर्धी कादंबरी हातात आली. फितूर कोण ते मी सांगणार नाही. शिवाय पहिलंच प्रकरण एका मुलांच्या शाळेतलं आहे : भर पावसात कॅरॅव्हॅन ओढत आलेला, पाठीत दुखापत असलेला बदली शिक्षक, आणि त्याच्यावर बारीक नजर ठेवणारा वर्गातला एक एकलकोंडा मुलगा. तुम्ही असे मुलगे पाहिले असतील. माझ्या मते पुस्तकातला सर्वांत चांगला टेहळ्या तोच.

आणखी एक करा. कादंबरीच्या आधी किम फिल्बीची खरी हकीकत वाचा. हा माणूस 1912 साली आपल्या अंबाल्यात जन्मला. किपलिंगच्या ‘किम’मधल्या पोराचं नाव त्याला लाडाने चिकटलं आणि तो पोरगाही हेरगिरीतच पडलेला, हा योगायोग कादंबरीत घातला असता तर संपादकाने कापला असता. ब्रिटिश गुप्तहेर खात्यात तो फार वर चढला आणि सगळा काळ मॉस्कोचा होता. 1951 मध्ये त्याचे दोन साथीदार बर्जेस आणि मॅक्लीन पळाले, संशय त्याच्यावर आला. तरी 1955 मध्ये परराष्ट्रमंत्री मॅकमिलन यांनी संसदेत उभं राहून त्याला निर्दोष ठरवलं. तो बैरुतला वार्ताहर म्हणून गेला आणि 1963 च्या जानेवारीत तिथून मॉस्कोला पसार झाला. त्या वेळी ल कारे, म्हणजे डेव्हिड कॉर्नवेल, त्याच खात्यात नोकरीला होते. आपल्यातलाच, चांगल्या घरातला, चांगल्या शाळेतला म्हणून ज्याच्यावर कोणी शंका घेतली नाही, त्याच्याबद्दलचा राग 1974 च्या या कादंबरीत पानापानावर आहे. तो ऐकू आला की संथपणा जाणवत नाही.

तरीही नाहीच जमलं तर आधी त्यांचीच 1963 ची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ घ्या. आकाराने निम्मी. तिच्यात नायक लीमसला खात्याच्या बँकिंग विभागात टाकतात, कोपनहेगन आणि हेलसिंकीच्या बँकांत गुप्तपणे पैसे भरायला. पुढे एका चौकशीत माणसाचा जीव कशावर टांगलेला असतो? ते पैसे काढल्याच्या तारखांवर. मी ते प्रकरण वाचताना खुर्चीतून उठले होते. टी.ए. (प्रवासभत्ता) बिलावरची तारीख आणि हजेरीपटावरची तारीख समोरासमोर ठेवून बघणं, आमचं कामच ते!

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. कारस्थानांच्या कादंबऱ्यांचा त्याला इतका नाद लागलाय की आता त्याला सगळीकडे कट दिसतो. निवडणूक, साथ, विमान अपघात, प्रत्येक गोष्टीमागे ‘ते लोक’. कादंबऱ्या बंद कराव्यात का? (एक पालक, लातूर)

बंद करू नका हो. उलट त्याला खरी कारस्थानं वाचायला द्या.

कारस्थानं होतच नाहीत असं त्याला सांगू नका, कारण ते खोटं आहे आणि तो ते पकडेल. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने 1953 पासून ‘एमकेअल्ट्रा’ नावाखाली माणसांवर, कित्येकदा त्यांना न सांगता, एलएसडीसारख्या औषधांचे प्रयोग केले. कादंबरीत वाचलं असतं तर आपण अतिरेक म्हणालो असतो. 1973 मध्ये प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांनी फायली नष्ट करायला लावल्या. पण 1977 मध्ये सुमारे 20,000 कागद सापडले. का? तर ते हिशेबाचे कागद होते आणि दुसऱ्याच ठिकाणी, हिशेबाच्या दप्तरात पडून होते. प्रयोगांच्या फायली नष्ट करणाऱ्यांना बिलांची आठवण झाली नाही. हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचलं असतं तर टेबलाच्या काचेखाली ठेवलं असतं.

वॉटरगेटही तसंच. 17 जून 1972 च्या रात्री वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत फ्रँक विल्स या पहारेकऱ्याला दाराच्या खटक्यावर चिकटपट्टी लावलेली दिसली. त्याने ती काढली. फेरी मारून आला तर पुन्हा लावलेली! त्याने पोलिसांना फोन केला, विरोधी पक्षाच्या कचेरीत घुसलेले पाच जण सापडले. आणि त्यांचा धागा वर जोडला तो अध्यक्ष निक्सन यांच्या प्रचारनिधीतल्या 25,000 डॉलरच्या एका चेकने, जो त्या पाचांपैकी एकाच्या मायामीतल्या खात्यात जमा झाला होता. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाच्या कटात एक चिकटपट्टी आणि एक चेक सांभाळता आला नाही.

म्हणून मुलाला एकच सवय लावा. कोणी कट सांगितला की विचारायचं : खर्च कोणी केला आणि व्हाउचर कुठे आहे? किती माणसं लागली, त्यांचे पगार कोणत्या खात्यातून निघाले, त्यातला एकही जण रुसला नाही का, निवृत्त झाल्यावर बोलला नाही का? खऱ्या कटाला अशी टोकं सुटलेली असतात. फोनवर येणाऱ्या कटाला एकही टोक नसतं. तिथे पुरावा नाही हाच पुरावा ठरतो, आणि अशा ठिकाणी आमच्याकडे थेट ‘हाफ मार्जिन’ (ऑडिटची खुलासा मागणारी चिठ्ठी) निघायचं.

कौटिल्याला हे कळत होतं. त्याचे हेर संन्यासी, व्यापारी, शेतकरी, भिक्षुणी अशा वेषांत फिरतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. तिघांकडून एकच गोष्ट आली तरच ती खरी धरायची, असं ‘अर्थशास्त्रा’च्या पहिल्याच अधिकरणात आहे. आता गंमत बघा : तिघे एकमेकांना न ओळखणारे हवेत. एकच मजकूर तीन ग्रुपांवरून आला तर ते तीन साक्षीदार होत नाहीत. हे तुमच्या चिरंजीवांना दाखवा. मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली कंगले यांची प्रत मोठ्या ग्रंथालयात मिळेल. तीही एक हेरकादंबरीच आहे, फक्त नायक नाही.

प्रश्न : ‘द डे ऑफ द जॅकल’ वाचायला घेतली. पण ज्यांच्या खुनाचा कट त्यात आहे ते फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल तर 1970 मध्ये आपल्या घरी वारले, हे ठाऊक आहे. मारेकरी फसणार हे माहीत असताना उत्कंठा कशी टिकणार? (वाचक, मडगाव)

टिकते, वाचून पाहा. लेखक फ्रेडरिक फोर्सिथ रॉयटर्स वृत्तसंस्थेचे पॅरिसमधले वार्ताहर होते. 22 ऑगस्ट 1962 ला पॅरिसजवळ पेती-क्लामारला द गॉल यांच्या मोटारीवर खरोखर गोळ्या झाडल्या गेल्या, टायर फुटले, तरी ते वाचले. कादंबरी तिथून सुरू होते, त्यामुळे कुठे सत्य संपलं ते चटकन कळत नाही. ‘मरतो का’ हा प्रश्न लेखकाने पहिल्याच पानात सोडून दिला आणि ‘कसं करतो’ हा धरला. जॅकल, म्हणजे तो मारेकरी, खेड्यातल्या दफनभूमीत जाऊन लहानपणी वारलेल्या मुलाचं नाव शोधतो, त्याच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढतो. ही पळवाट खरी होती आणि पुस्तक गाजल्यावरही ब्रिटनमध्ये अनेक वर्षं उघडी राहिली. पलीकडे लेबेल हा बायकोला दबून असलेला पोलीस अधिकारी फ्रान्सभरच्या हॉटेलांची नोंदणीकार्डं तपासत बसतो. बंदूक एका बाजूला, कार्डांचा ढीग दुसऱ्या बाजूला. मी अर्थातच कार्डांच्या बाजूने होते.

प्रश्न : हे सगळं कादंबरीत ठीक. प्रत्यक्षात कोणी फितूर असा बँकेच्या तारखांवरून सापडला आहे का? (वाचक, अकोला)

सापडला की! ऑल्ड्रिच एम्स, सीआयएचा अधिकारी. 1985 पासून रशियनांना नावं विकत होता, आणि ती माणसं पकडली जात होती, मारली जात होती. खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या चाचण्या तो पास झाला. पगार वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या आत, आणि घर घेतलं 5,40,000 डॉलर रोख मोजून. त्याचा शोध घेणाऱ्या छोट्या गटात सँडी ग्राइम्स या बाई होत्या. एम्सच्या दिवसांची तारीखवार जंत्री त्यांनी केली. तिच्यात दिसलं की सोव्हिएत अधिकाऱ्याबरोबर जेवण झालं की एक-दोन दिवसांत याच्या खात्यात पैसे भरले जातात. 1994 मध्ये अटक झाली. यंत्राला न सापडलेला माणूस पासबुकाने दिला.

प्रश्न : मराठीत असं का नाही? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

‘असं’ म्हणजे काय, त्यावर आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप यांनी दोन-तीन पिढ्यांना वाचायची चटक लावली. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांचा निम्मा गल्ला त्यांच्यावर चालायचा. त्यांना नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण आपल्या हेराला वरिष्ठ नसतो, बिल मंजूर करून घ्यावं लागत नाही, त्याची बदली होत नाही. नायक आहे, खातं नाही. आणि फितुरी खात्यात पिकते.

राजकीय कारस्थान मात्र मराठीत अस्सल आहे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ पुन्हा वाचा. मुख्यमंत्र्याची खुर्ची हलवायला निघालेली माणसं, आमदारांची मोजदाद, कामगार पुढारी, तस्कर, आणि हे सगळं बघत फिरणारा वार्ताहर दिगू टिपणीस. 1979 चा जब्बार पटेलांचा चित्रपट पाहून पुस्तकं सुटली असतील तर तोटा तुमचा आहे. त्यात एकही परदेशी हेर नाही आणि कोण कोणाचा माणूस आहे याची धाकधूक शेवटपर्यंत राहते. साधू पत्रकार होते, फोर्सिथही पत्रकार होते. मंत्रालयात वर्षानुवर्षं बसलेला एखादा अवर सचिव निवृत्तीनंतर लिहायला बसला तर आपला ल कारेही मिळेल. बसा हो कोणीतरी.

प्रश्न : छत्रीच्या टोकातून विष टोचणं वगैरे थापाच ना? (वाचक, सोलापूर)

नाही. सप्टेंबर 1978, लंडन, वॉटर्लू पूल. बल्गेरियातून परागंदा झालेले लेखक गेओर्गी मार्कोव्ह बसची वाट पाहत असताना मांडीत काहीतरी टोचलं, मागे एक माणूस छत्री उचलताना दिसला. चार दिवसांनी ते वारले. शवविच्छेदनात टाचणीच्या डोक्याएवढी धातूची गोळी मिळाली, विष रिसिनचं असल्याचा निष्कर्ष निघाला. खटला कोणावरच उभा राहिला नाही.

प्रश्न : आई ठाण्यात एकटी असते, वय चौऱ्याहत्तर, इंग्रजी छान वाचते. स्मायलीची पुस्तकं तिला पाठवतोय. कोणत्या क्रमाने? (वाचक, न्यू जर्सी)

‘टिंकर टेलर’ (1974) आणि ‘स्मायलीज पीपल’ (1979) एकत्र पाठवा. मधलं ‘द ऑनरेबल स्कूलबॉय’ (1977) जाडजूड आहे, हाँगकाँगात बराच वेळ रेंगाळतं. आईंनी मागितलं तर पाठवा. मोठ्या टायपाची आवृत्ती बघा. आणि पुस्तकं मिळाल्यावर आठवड्याने फोन केलात तर ‘फितूर कोण’ ते चुकूनही बोलू नका. त्यांनाच विचारा, कोणावर संशय आहे.