'सीगल'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे की, 'सीगल'साठी 'समुद्रपक्षी' लिहावे की 'समुद्री बगळा', आणि पक्षिसूचींत आढळणारे 'कुरव' व 'सुरय' हे शब्द एकाच पक्ष्याचे आहेत का.

नेमका शब्द 'कुरव' हाच आहे. तो पुल्लिंगी असून अनेकवचनातही तसाच राहतो: एक कुरव, अनेक कुरव, कुरवांचा थवा. बगळ्याशी या पक्ष्याचे काहीच नाते नाही. बगळा उथळ पाण्यात तासन्‌तास निश्चल उभा राहून मासा टिपतो, तर कुरव पाण्यावर घिरट्या घालत पृष्ठभागावरचे खाद्य उचलतो. 'समुद्रपक्षी' हा शब्दही मला अपुरा वाटतो. तपकिरी डोक्याचे कुरव लडाखमधील त्सो मोरीरीसारख्या सरोवरांकाठी वीण करतात आणि हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर येतात तसेच समुद्रापासून खूप आत असलेल्या भिगवणलाही, उजनी जलाशयावर, येतात. तिथे जाळ्यातून निघालेली बारीक चिलापी नावाड्याने हवेत भिरकावली की, थव्यातला एखादा कुरव ती पाण्यावर पडण्याआधीच झेलतो आणि चोचीत फिरवून डोक्याकडून गिळतो, कारण शेपटीकडून गिळल्यास पाठीवरचे काटे घशात अडकतात. (त्या वेळी त्याचे डोके पांढरेच असते, कानाजवळ फक्त एक गडद ठिपका असतो, नावातला तपकिरी रंग विणीच्या काळातला आहे.)

'सुरय' हा वेगळा पक्षी, इंग्रजीत ज्याला 'टर्न' म्हणतात तो. शरीराने सडपातळ, चोच अणकुचीदार, शेपटी बहुधा दुभंगलेली. मासा हेरला की तो उंचावरून थेट पाण्यात झेपावतो. सुरय सूर मारतो, एवढे ध्यानात ठेवले तरी दोघांत गल्लत होणार नाही. अर्थात ही केवळ स्मरणाची सोय आहे, व्युत्पत्ती नव्हे. कुरव असा सूर क्वचितच मारतो. मासेमारी नौकेमागे उडत टाकाऊ तारली, मांदेली वेचणे त्याला अधिक मानवते.

संस्कृतातील 'कुरर'शीही 'कुरव'ची सरमिसळ करू नये. अमरकोश या संस्कृत शब्दकोशात 'उत्क्रोशकुररौ समौ' (उत्क्रोश आणि कुरर हे समानार्थी) असे म्हटले आहे, आणि हा कुरर सामान्यतः मत्स्यभक्षी शिकारी पक्षी मानला जातो.

बोलताना 'सीगल' खुशाल म्हणावे. लिहिताना मात्र 'कुरव' लिहावे आणि पहिल्या उल्लेखात हवे तर 'कुरव, म्हणजे सीगल' असा खुलासा करावा.