कटाक्ष करायचा, टाकायचा की असायचा?

प्रश्न असा आला आहे : इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत 'विनोदवीर रोजच्या जगण्यावर आणि चालू घडामोडींवर कटाक्ष करतील' असं छापलं गेलं. पुण्याच्या पाहुण्यांनी ते चूक ठरवलं. इथले लोक म्हणाले, आम्ही कायम असंच बोलतो. मग बरोबर काय, आणि 'कटाक्ष' नको असेल तर कोणता शब्द घ्यावा?

'कटाक्ष करणे' हा प्रयोग हिंदीचा आहे. शब्द दोन्ही भाषांनी संस्कृतातूनच घेतला. 'अक्ष' म्हणजे डोळा आणि कटाक्ष म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून टाकलेली नजर. पण पुढे वाटा फुटल्या. हिंदीनं त्या नजरेतला तिरपेपणा उचलला, म्हणून तिथे कटाक्ष म्हणजे बोचरं बोलणं. मराठीनं नजर रोखून धरण्याचा भाग उचलला, म्हणून आपल्याकडे कटाक्ष म्हणजे आग्रह. 'नियम कटाक्षानं पाळतो', 'वेळेवर त्यांचा फार कटाक्ष असतो', असं आपण म्हणतो. कटाक्ष 'टाकला' तर मराठीत तो नुसती नजरच राहतो, बोच त्यात येत नाही.

इंदुरात दोन्ही भाषा एकाच घरात नांदतात, त्यामुळे घोटाळा दोन्ही बाजूंनी होतो. 'स्वच्छतेवर महापौरांचा कटाक्ष आहे' हे वाक्य पुणेकराला कौतुकाचं वाटेल. शाळेत हिंदी शिकलेल्या इंदुरी मुलाला मात्र महापौरांनी स्वच्छतेची थट्टा केली असं वाटू शकतं. घरच्या बोलण्यात 'कटाक्ष केला' आला तर कुणाचं अडत नाही, कारण ऐकणारेही दोन्ही भाषांचेच असतात. छापील पत्रिका बाहेरचे लोकही वाचतात, म्हणून तिथे पाहुण्यांचं म्हणणं मान्य करावं.

पर्याय म्हणून माळव्यात आधी 'व्यंग्य' सुचतो, आणि ते साहजिक आहे. हिंदी व्यंग्यलेखनातलं मोठं नाव असलेले शरद जोशी 1931 साली इथून जवळच उज्जैनला जन्मले. हा शब्द इथल्या हवेतलाच आहे. पण मराठीत तो 'व्यंग' असा लिहिला की अर्थच बदलतो. व्यंग म्हणजे वि अधिक अंग, शरीरातला दोष. 'त्यांच्या बोलण्यात व्यंग आहे' म्हटलं तर मराठी माणूस जीभ अडखळते की काय असं विचारेल. 'व्यंग्य' वेगळ्या धातूचा, व्यंजनेतला, म्हणजे सुचवलेला अर्थ. मराठीत तो काव्यशास्त्राच्या वर्गापलीकडे फारसा गेला नाही. 'व्यंगचित्र' रूढ आहे, ते तसंच वापरावं. त्यावरून सुटा 'व्यंग' मात्र काढू नये.

हिंदीतला 'तंज कसला', म्हणजे टोमणा मारला, तर नकोच. मराठीत कंबर कसतात, जमीन कसतात. तंज कसत नाहीत.

आता मराठीचे स्वतःचे शब्द. इथे आपण खरोखर श्रीमंत आहोत, फक्त प्रत्येकाची जागा वेगळी आहे. समजा विनोदवीर म्हणाला, 'स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून ओळीनं सात वर्षं पहिलं आलेलं आपलं शहर ओला-सुका कचरा बरोबर वेगळा करतं, पण रस्त्याची डावी-उजवी बाजू अजून वेगळी करत नाही.' ही कोपरखळी. कोपर लागायला माणूस शेजारी बसलेला लागतो, म्हणून या शब्दात आपलेपणा आहे. इंदूरकरानं इंदूरकराला मारली तरच ती कोपरखळी. तेच वाक्य उपऱ्यानं कुत्सितपणे म्हटलं की टोमणा होतो. एखाद्या पुढाऱ्याला उघड सुनावलं तर तो टोला. आणि 'रस्ते विभागाचे आभार मानायला हवेत, खड्ड्यांत पाणी मुरतं म्हणून आपल्या विहिरी भरलेल्या' हा शालजोडीतला. वरून शाल, आत जोडा! स्तुतीच्या वेष्टनातला हा मार इतक्या नेमकेपणानं सांगणारा दुसरा शब्द मला माहीत नाही, आणि तो मागे पडतोय याचं वाईट वाटतं.

विभक्तीकडेही बघा. हिंदीच्या 'पर' मुळे इथे सगळीकडे '-वर' लागतो : 'सरकारवर चिमटा काढला'. मराठीत चिमटा, कोपरखळी, टोला यांना '-ला' हवा. 'सरकारला चिमटा काढला', 'नगरसेवकाला टोला हाणला'. '-वर' ठेवायचाच असेल तर क्रियापद बदलावं : 'महागाईवर भाष्य केलं', 'कारभारावर ताशेरे ओढले'. ताशेरे मात्र कठोर असतात, हसवणाऱ्या कार्यक्रमाला ते शोभत नाहीत.

दोन सापळे आणखी. 'मार्मिक' हा मराठीत विनोदाला अगदी योग्य शब्द आहे, नेमकं वर्म ओळखणारा. हिंदीत मार्मिक म्हणजे हृदय हेलावणारं. त्यामुळे जाहिरात दोन भाषांत छापताना तो जसाच्या तसा उचलला तर हिंदी वाचक करुण काहीतरी पाहायला येईल. दुसरा 'रेवडी'. निवडणुकीच्या बातम्यांतली हिंदी रेवडी 'वाटली' जाते, म्हणजे फुकटची खैरात होते. मराठीत रेवडी 'उडवली' जाते, म्हणजे फजिती होते. 'नेत्यांनी रेवड्या वाटल्या आणि विनोदवीरानं त्यांची रेवडी उडवली' हे वाक्य इंदुरात पूर्ण समजेल, साताऱ्यात पहिला अर्धा भाग समजावून सांगावा लागेल.

पत्रिकेत हवी ती छटा एकाच शब्दात पकडायची तर 'तिरकस' घ्या. संस्कृत कटाक्षातला जो तिरपेपणा आपल्या 'कटाक्षा'तून गळला, तो इथे शाबूत आहे, आणि त्यात द्वेषही नाही. वाक्य असं करा : 'विनोदवीर रोजच्या जगण्यावर तिरकस भाष्य करतील आणि चालू घडामोडींना चिमटे काढतील.' खाली 'कार्यक्रम वेळेवर सुरू करण्यावर आमचा कटाक्ष आहे' असंही छापा. तिथे तो शब्द अगदी बरोबर बसतो.